बारा चौकटी

तयार संगणक विकत आणला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण सूनबाईला तयार काही चालतच नाही, त्याला कोण काय करणार! धंदा संगणक दुरुस्तीचा. आठ वर्षं लोकांची बिघडलेली यंत्रं उघडून बसायचं, आणि तसं बसून बसून माणसाला एक खोड लागते, की दुसऱ्यानं केलेलं काहीच पटत नाही. सासूबाईंसाठी संगणक घ्यायचं ठरलं त्याच दिवशी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "मी बांधणार."

नुसते भाग जोडले असते तरी एक वेळ समजण्यासारखं होतं. या बाईनं संगणक चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे लिनक्स, तेसुद्धा तयार घेतलं नाही. एकेक तुकडा निवडून मुळापासून बांधत आणलं. नको असलेलं एक अक्षर आत शिरता कामा नये, हा हट्ट. सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून दाराची घंटा वाजली की पडद्याची कड पिवळी लुकलुकेल अशी सोय केली. अक्षरं मोठी केली. बटण दाबलं की थेट त्यांच्या ऑनलाइन वर्गाची खिडकी उघडेल, मध्ये कुठे अडायला नको, असं केलं. आवाज तर असा घालवला की यंत्र चालू आहे की बंद, हे दिवा बघून ठरवावं लागे. चार महिन्यांपूर्वी काम संपलं तेव्हा ती दोन दिवस घरात नुसती मिरवत होती.

आणि आता तेच यंत्र ऐन वेळी रांगत होतं.

ऐन वेळ कसली, तेही सांगायला हवं. सासूबाईंनी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. निवृत्त झाल्यावर एका संस्थेनं त्यांना विचारलं. ज्यांच्या मुलांना ऐकू येत नाही, पण स्वतःला येतं, अशा आईबापांना खुणांची भाषा शिकवायला माणूस हवं होतं. आईबाप आपापल्या घरी बसणार, सासूबाई आपल्या घरी, आणि पडद्यावर बारा चौकटींत बारा चेहरे. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी त्यांना म्हणत होतं, की तुम्हाला जे येतं ते आम्हाला शिकवा. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात एकट्याच हसत उभ्या होत्या, हे सूनबाईनं दारातून पाहिलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी परीक्षेचा म्हणून पहिला वर्ग झाला, आणि पार फज्जा उडाला. एक माणूस समोर असला की सगळं झकास चालायचं. बारा चौकटी उघडल्या आणि बोटं एका जागेवरून नाहीशी होऊन भलत्याच जागी उगवायला लागली. मधली हालचाल गायब. आता खुणांच्या भाषेत मधल्या हालचालीतच तर सगळं असतं! सासूबाईंना समोरच्यांचे हात कळेनात, समोरच्यांना सासूबाईंचे. संस्थेच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फार सभ्य शब्दांत लिहिलं, की हात स्पष्ट दिसत नाहीत, अमुक शनिवारी अकरा वाजता पुन्हा पाहू, तेव्हाही जमलं नाही तर नाइलाजानं दुसऱ्या कुणाला विचारावं लागेल.

तो शनिवार आज उजाडला होता. सकाळचे सात वाजले होते, आणि सूनबाई सासूबाईंच्या खोलीत टेबलाखाली मांडी घालून बसली होती.

तीन आठवडे ती काय स्वस्थ बसली नव्हती. आधी इंटरनेटवर संशय घेतला. तेच इंटरनेट फोनवर लख्ख चाललं. कॅमेऱ्यावर संशय घेतला. तो काढून दुकानातल्या यंत्राला लावला, तर तिथे बोटांवरच्या रेषासुद्धा दिसल्या. मग यंत्रालाच विचारलं, की बाबा रे, ही चित्रं रंगवतंय कोण? ग्राफिक्स कार्ड रंगवतंय, की ते बापडं बाजूला बसलंय आणि सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडलाय? कारण मुळापासून बांधलेल्या लिनक्समध्ये ही चूक हटकून होते. यंत्रानं सरळ उत्तर दिलं, की कार्डच रंगवतंय. मग तिनं लिनक्सचा गाभाच पुन्हा बांधला. दोनदा. काही फरक नाही. बारा चौकटी उघडायच्या आणि सेकंदाला तीस चित्रं दिसायची तिथे आठ दिसायची. कधी नऊ. नऊ दिसली की तिला उगाच बरं वाटायचं.

खरं सांगायचं तर तिला मजाही येत होती. हे तिनं कुणाला सांगितलं नसतं, पण कोडं सुटत नाही म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक येते. घरात कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय आणि ही म्हणतेय, "काय गंमत आहे बघ!"

नवरा बस चालवतो. शनिवारची पाळी होती. गणवेश चढवून तो दारात आला आणि टेबलाखालून बाहेर आलेल्या तिच्या पायांशी बोलायला लागला.

"अगं, दुकानात ते तयार लिनक्स असतं ना पेन ड्राइव्हवर? घाल ते आणि मोकळी हो."

"घालता येईल. वीस मिनिटांचं काम आहे."

"मग अडलंय कुठे?"

"तयार घातलं आणि चाललं, तर ते का अडलं होतं हे मला कधीच कळणार नाही."

नवरा खाली वाकून टेबलाखाली बघत म्हणाला, "तुला कळायला हवंय, की आईला शिकवायला मिळायला हवंय?"

हे झोंबलं. चांगलंच झोंबलं. टेबलाखालून बाहेर येताना तिचं डोकंही आपटलं, आणि त्या रागात तिनं कबूल केलं, "साडेनऊपर्यंत शोधते. नाही सापडलं तर तुझं तयार घालते. झालं समाधान?"

"माझं कसलं समाधान," म्हणत तो गेला.

ती कामाला लागली. खोटा वर्ग भरवायचा, असं तिनं ठरवलं. माणसांच्या हातांच्या बारा चित्रफिती बारा चौकटींत एकदम लावली, म्हणजे खऱ्या वर्गाइतका भार पडेल. कोपऱ्यात एक लहानसा तक्ता लावला: सेकंदाला चित्रं किती, मेमरी किती भरली, कार्डाचं तापमान किती. चित्रं आठ. मेमरी अर्धी रिकामी. तापमान सदतीस. तापमान बघून ती दर वेळी मान डोलवायची. काय थंड राहतंय! बांधणी बघा म्हणावं!

पावणेनऊला सासूबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या, ते टेबलावर ठेवून खुर्ची ओढून शेजारी बसल्या. या दोघींचं बोलणं हातांनी. सूनबाई या घरात आली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, तिनं ती भाषा नवऱ्याकडून आणि सासूबाईंना बघून बघून उचललेली.

"सापडलं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. पण काय नाही, ते कळलंय. इंटरनेट नाही, कॅमेरा नाही, मेमरी नाही."

"हा आकडा कसला?"

"तापमान. हे उत्तम आहे. यंत्र तापत नाहीये."

सासूबाईंनी आपला कप बाजूला सारला. मग त्यांनी जे केलं ते तीन आठवड्यांत सूनबाईच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांनी संगणकाच्या पेटीच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, कुशीवर उजवा तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

"बंद कर," त्या थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाल्या. "हे बारा बंद कर."

तिनं बाराही चौकटी बंद केल्या. सासूबाईंनी पुन्हा डोळे मिटले.

"आता चालू कर."

तिनं चालू केल्या. सासूबाईंनी दोन्ही तळवे लावून पाहिलं, कॅबिनेटच्या पाठीला लावले, वर लावले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काम करत नाहीये."

"करतंय आई. बघा ना, चित्रं हलताहेत. हळू, पण हलताहेत."

"आमच्या कारखान्यात चाळीस मशिनी एका ओळीत होत्या," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या एकाच लांब टेबलावर. मी माझ्या हाताखालच्या लाकडावरून सांगायचे, शेजारणीनं जाड कापड घातलं की पातळ. जाड कापड आलं की मोटर धडधडते. हे तुझं यंत्र रिकामं असलं तरी तितकंच हलतं आणि बारा माणसं अंगावर आली तरी तितकंच हलतं. जाड कापड आलंय हे त्याला ठाऊकच नाही. निवांत बसलंय."

"ते तर मीच..." सूनबाईनं सुरुवात केली आणि तिचे हात हवेतच राहिले.

ते तर मीच शांत ठेवलंय, असं ती सांगणार होती.

तिनं तापमानाकडे पाहिलं. सदतीस. बारा चौकटींचा भार वाहणारं कार्ड सदतीसवर कसं राहील? ते साठ-सत्तरला जायला हवं. पंखे गरगरायला हवेत. तीन आठवडे ज्या आकड्याला ती शाबासकी देत होती, तोच आकडा ओरडून सांगत होता, की इथे कुणी कामच करत नाहीये. तिनं कपाळाला हात लावला.

मग शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. यंत्र सुरू होताना ज्या सूचना वाचतं, त्यांची फाईल तिनं उघडली. खाली तीन ओळी होत्या, तिच्याच हातच्या, चार महिन्यांपूर्वीच्या. ग्राफिक्स कार्डाला कायम सगळ्यात खालच्या वेगावर ठेव. काहीही झालं तरी वर जाऊ देऊ नकोस. म्हणजे तापणार नाही. म्हणजे पंखे फिरणार नाहीत. म्हणजे आवाज होणार नाही.

हे लिहिलं आणि ती विसरून गेली, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं. दुकानात येणारं दर दुसरं गिऱ्हाईक एकच रडगाणं गातं, की पंखा फार आवाज करतो हो, डोकं उठतं. आठ वर्षं ते ऐकून तिच्या हाताला वळणच पडलं होतं. चांगलं यंत्र म्हणजे बिनआवाजाचं यंत्र. कुणासाठी बांधतोय, हा प्रश्न त्या वळणात कुठे आलाच नाही.

तिनं तिन्ही ओळी पुसल्या. यंत्र पुन्हा सुरू केलं. बारा चौकटी उघडल्या. आधी काहीच झालं नाही, आणि मग कॅबिनेटच्या पोटातून घरघर सुरू झाली, वाढत वाढत चांगला घुमणारा आवाज झाला, आणि पडद्यावरचे चोवीस हात एकदम जिवंत झाले. सेकंदाला तीस चित्रं. तापमान अठ्ठेचाळीस, पंचावन्न, एकसष्ट. सूनबाई खुर्चीतल्या खुर्चीत उडाली.

सासूबाईंनी तळवा लावला. "आता काम करतंय," त्या समाधानानं म्हणाल्या. मग विचारलं, "काय झालं होतं?"

आता सांगणं आलं. खोटं सांगता आलं असतं. एक भाग ढिला झाला होता म्हटलं असतं तर सासूबाईंनी मान हलवली असती. पण सूनबाईचा स्वभाव तसा नाही. तिनं जे होतं ते सांगितलं.

"मीच बांधून ठेवलं होतं. आवाज होऊ नये म्हणून."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. यंत्राकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे.

"आवाज कुणाला होत होता?"

सूनबाईनं मनात एकेकाला आठवून पाहिलं. दिवसभर ती दुकानात, नवरा बसवर. या खोलीत सासूबाईंशिवाय कुणी बसत नाही. दार लावलं की हा आवाज बाहेरच्या खोलीतही जात नाही.

"कुणालाच नाही," ती शेवटी म्हणाली.

सासूबाई आधी हसल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि त्यांच्याबरोबर तीही हसायला लागली. पण हसता हसता सासूबाई मध्येच थांबल्या आणि आपल्याच हातांकडे बघत राहिल्या. उजव्या हाताची बोटं त्यांनी एकेक करून दुमडली, उघडली.

"म्हणजे माझी बोटं नव्हती?"

"काय?"

"बाईंनी लिहिलं होतं, हात स्पष्ट दिसत नाहीत. मला वाटलं, सांधे धरलेत, बोटं जड झालीत. आता कुणाला कळण्यासारखी राहिली नाहीत." त्यांनी पुन्हा एकदा बोटं दुमडून पाहिली. "रोज पहाटे कोमट पाण्यात बुडवून ठेवत होते. आरशासमोर सराव करत होते. तू रात्रंदिवस यंत्रात बघत होतीस. मला वाटलं, सूनबाई मला वाईट वाटू नये म्हणून यंत्राला दोष देते आहे."

पहाटेचं ते भांडं सूनबाईनं रोज पाहिलं होतं. ते ती रोज ओलांडून गेली होती, कुठली वायर बदलायची याचा विचार करत. तिला स्वतःचा इतका राग आला, की तो दाखवायला खूणसुद्धा सापडेना.

"आई, तुमच्या बोटांना काही झालेलं नाही. चूक माझी होती. शंभर टक्के माझी."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, आणि निवांत चहा प्यायल्या, तो केव्हाच गार झाला होता तरी.

अकराला वर्ग भरला. सूनबाई दुकानात जाणार होती, गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कॅबिनेट घुमत होतं आणि सासूबाईंना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचं अंग पडद्याकडे झुकलं होतं. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत संस्थेच्या बाई वही घेऊन बसल्या होत्या.

आणि काय सांगायचं, सासूबाई वर्गात वेगळ्याच होत्या! घरात कुणाला न दुखवणारी ही बाई, पडद्यासमोर बसली आणि एकेकाचे कान धरायला लागली. दुसऱ्या चौकटीतल्या बापाला सांगितलं, कोपर वर. सातव्या चौकटीतल्या आजीला तीच खूण पाच वेळा करायला लावली, आणि पाचव्या वेळी बरोबर आल्यावर अशी दाद दिली, की आजी लाजल्या. कुणाचा अंगठा कुठे आहे हेसुद्धा त्यांना दिसत होतं. जे दिसत होतं त्यातलं काही त्या सोडत नव्हत्या.

चौथ्या चौकटीत एक तरुण आई होती. तिच्या एका हातात कप होता आणि ती मोकळ्या हातानं पटापट खुणा करत होती. सासूबाईंनी तिला थांबवलं.

"कप खाली ठेवा. दोन्ही हात मोकळे करा."

ती आई हसली आणि हातानं म्हणाली, की घरात हे असंच चालतं, माझ्या मुलाला कळतं.

"नाही कळत," सासूबाई म्हणाल्या. हात सावकाश, एकेक खूण वेगळी. "एका हातानं बोललात की मुलाला अर्धंच मिळतं. उरलेलं तो तुमच्या तोंडाकडे बघून, अंदाजानं भरतो. दिवसभर भरत राहतो. दमतो. पण सांगत नाही, कारण तुम्ही बोलताय याचाच त्याला आनंद असतो."

चौथ्या चौकटीतल्या आईनं कप ठेवला.

दारात उभ्या असलेल्या सूनबाईनं खाली पाहिलं. तिच्या उजव्या हातात पेचकस होता. असतोच. नाहीतर वायर असते, फोन असतो, भाजीची पिशवी असते. दोन मिनिटांपूर्वीच तिनं डाव्या हातानं सासूबाईंना खूण केली होती, की झकास चाललंय. सासूबाईंनी मान डोलावली होती. त्या नेहमीच मान डोलावतात. तिला वाटायचं, आपलं बोलणं त्यांना किती पटकन कळतं!

वर्ग संपला. संस्थेच्या बाईंनी दोन्ही हात वर करून हलवले, म्हणजे टाळ्या, आणि सांगितलं, की मंगळवारपासून दर आठवड्याला वर्ग तुमचाच. एकेक चौकट विझत गेली. सासूबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि बोटं चोळत बसल्या. चेहरा नुसता फुलला होता.

सूनबाई आत आली. पेचकस तिनं टेबलावर ठेवला. त्यांच्या समोर नीट बसली आणि दोन्ही हातांनी विचारलं, "आई, माझं बोलणं तुम्हाला किती कळतं?"

सासूबाईंनी तिचे हात पाहिले, टेबलावरचा पेचकस पाहिला, आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी थोडा विचार केला. खोटं सांगणं त्यांच्याही स्वभावात नव्हतं.

"अर्धं," त्या म्हणाल्या. "कामात नसलीस तर थोडं जास्त."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

"मग कधी सांगितलं का नाही?"

सासूबाई पुढे सरकून बसल्या. "माझ्या बहिणीलाही ऐकू येत नाही. तिच्याही घरी सून आहे. वीस वर्षं झाली, ती एक खूण शिकली नाही. चिठ्ठी लिहून ठेवते. तू आल्या दिवसापासून बोलत होतीस. चुकत होतीस, घाईत होतीस, पण बोलत होतीस. मी टोकलं आणि तू बोलायचीच थांबलीस तर? म्हणून भरून घेत गेले."

सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला तिनं हात उचलला नाही, कारण तिला ते दोन्ही हवे होते.

"आता टोका," ती म्हणाली. "आजपासून. आत्ता, इथेच शिकवा मला."

"आत्ता नाही. मी दमलेय." सासूबाई उठल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मंगळवारी अकराला वर्ग आहे. सगळ्यांबरोबर बस. आणि उशीर चालणार नाही."